तिनं पाय पाहिले होते

माझी बायको जाऊन महिना होऊन गेला. तेराव्याच्या पंगतीत मी कोणाला काय हवं-नको विचारत फिरत होतो. माझा एक चुलतभाऊ शेजारी बसलेल्याला सांगत होता, "वहिनी लई खमकी बाई. खुनाच्या केसमधी कोर्टात फितूर झाली, पण डोळ्याची पापणी हलली नाय तिची."

तो तिची तारीफ करत होता. त्याच्या मते तिनं पोलिसांना बनवलं, पैसे घेतले आणि वर ताठ मानेनं घरी आली. मी त्याला म्हणालो, "ऊठ. पानावरून ऊठ." तो म्हणाला, "दादा, मी वाईट काय बोललो?" चार जण मधे पडले. म्हणाले, दुःखात आहे, सोडून द्या.

मी दुःखात आहे हे खरं. पण मी ओरडलो ते रागानं. अठ्ठावीस वर्षं झाली, तो शब्द तिच्या पाठीला चिकटलाय आणि ती मेल्यावरसुद्धा सुटला नाही. शिवाय त्या केसमधला माणूस अजून जिवंत आहे आणि लोक त्याला अजून खुनी म्हणतात. म्हणून लिहितो. मी चौथी शिकलोय. कंपनीत तीस वर्षं तपासणीचे रिपोर्ट भरून हात बसला, तेवढंच माझं लिहिणं. कोणाचं नाव घालणार नाही.

आम्ही मूळचे देवगाव रंगारीकडचे. शेत भावांना पुरत नव्हतं, म्हणून मी वाळूजला आलो आणि एका कंपनीत लागलो. वस्तीत एक खोली घेतली. पत्र्याची चाळ, समोर गल्ली, गल्लीच्या कडेला नाली आणि नालीशेजारी सगळ्यांचा मिळून एक नळ.

बायको माझ्याबरोबर आली तेव्हा तिनं आमच्या गावच्या घरात बारा वर्षं काढली होती. भावकी मोठी. सासरा, चुलत सासरे, दीर, सगळ्यांसमोर पदर डोक्यावरून पुढं ओढायचा आणि नजर खाली ठेवायची. मोठ्या माणसाच्या तोंडाकडं बघून बोलणारी सून आमच्याकडं उद्धट म्हणवून घ्यायची. बारा वर्षं तिनं माणसं पायांवरून ओळखली. कोणाच्या टाचा फुटलेल्या, कोणाचा अंगठा वाकडा, कोण पाय ओढत चालतो, कोणाची वहाण आतल्या बाजूनं झिजते. ओसरीवर माणूस आला की हा कोण ते आतून बिनचूक सांगायची. माझे एक चुलते गंमत म्हणून दुसऱ्याच्या वहाणा घालून आले. ती चहा ठेवून गेली आणि आत जाऊन सासूला म्हणाली, "मामंजी आज कोणाच्या वहाणा घालून आलेत?"

तिचं माहेर पाचोडकडचं. लग्नानंतर एकदा आम्ही पाचोडच्या बाजारात गेलो आणि गर्दीत चुकामूक झाली. मी तासभर हिंडलो. तिनंच मला शोधलं. म्हणालो, "एवढ्या माणसांत कसा गावलो गं?" तर म्हणते, "तुमच्या टाचा हुडकत आले."
"आन तोंड?"
"तोंड काय, टोपी घातली की समद्यांचं सारखंच."

मी हसलो होतो. पुढं कोर्ट हसलं.

वाळूजला आल्यावर तिथं ना सासरा होता ना भावकी, तरी सवय जाईना. परका बाप्या गल्लीतून निघाला की हात आपोआप पदराला जायचा आणि नजर जमिनीला.

आता तो दिवस. पहिली शिफ्ट सुटायची वेळ. तीन वाजून गेलेले, ऊन टळटळीत. कंपनीच्या बसा नाक्यावर थांबत होत्या आणि निळ्या शर्टांचे लोंढे वस्तीत शिरत होते. आमच्या गल्लीत एका ठेकेदाराचा सुपरवायझर भाड्यानं राहायचा. माणसं कामाला लावायची आणि काढायची हे त्याच्या हातात होतं. त्याच्या खोलीच्या दारात कोणीतरी त्याच्या डोक्यात लोखंडी पाइप घातला. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

बायको नळावर भांडी घासत बसली होती. मारणारा तिच्याच अंगावरून पळाला. भांडी आडवी पसरलेली, म्हणून तो पळभर थांबला, परातीवरून पाय टाकला आणि गेला. तेवढ्यात तिनं काय पाहिलं? पदर ओढला आणि पाय पाहिले. रबरी चप्पल. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, जन्माची चढलेली असावी अशी. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं. मी विचारलं तेव्हा. आधी मी विचारलंच नव्हतं.

मी कंपनीतून आलो तोवर गल्ली भरली होती. पाच वाजता पोलीस आले. साहेबानं विचारलं, "नळावर कोण होतं?" दहा बोटं माझ्या दाराकडं झाली. ती दारात माझ्या मागं उभी राहिली.

"बाई, तुम्ही काय पाहिलं?"

आमच्याकडं परक्या माणसानं बाईला काही विचारलं की उत्तर नवरा देतो. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये, सगळीकडं. दवाखान्यात डॉक्टर तिला विचारायचा कुठं दुखतं आणि मी सांगायचो पोटात. त्या दिवशीही तोंड मीच उघडलं.

"पाहिलं ना साहेब. समोरूनच पळाला."
"तोंड दिसलं?"
"दिसलंच असंल की. दोन हातावरून गेला."

मागून ती हळूच म्हणाली, "आवं, पाय..."

मी म्हणालो, "तू थांब."

हे दोन शब्द मी बोललो. सगळी गल्ली बघत होती, साहेब मला खुर्ची द्या म्हणाला होता आणि मला मोठेपणा वाटत होता. साहेबानं लिहिलं, 'इसमाचा चेहरा मी स्पष्ट पाहिला असून पुन्हा दाखविल्यास ओळखीन.' भराभरा वाचून दाखवलं. मी मान हलवली. अंगठा द्यायचा का विचारलं, तर म्हणाला, "काका, ह्या जबाबाला सही-अंगठा लागत नाही." तिचा अंगठा नाही, तिचा शब्द नाही आणि वर नाव तिचं.

दोन दिवसांनी पोलिसांनी एक वेल्डर उचलला. मुसलमान होता, तिशीच्या आतला, बायको आणि लहान मुलगी घरात. आठवड्यापूर्वी सुपरवायझरनं त्याला कामावरून काढलं होतं आणि गेटवर दोघांची जोराची शिवीगाळ झाली होती. ती पन्नास जणांनी ऐकली होती. पोलिसांना तेवढं पुरलं.

आम्हाला ठाण्यात बोलावलं. बाकड्यावर तो बसला होता, ओठ सुजलेला. हवालदार बायकोला म्हणाला, "मावशी, नीट बघून घ्या. हाच आहे. परेडला गडबड नको." तिनं वर बघितलं. बघ म्हटल्यावर बघणारच. मी शेजारी उभा होतो. मला त्यात काही वाकडं वाटलं नाही, हे आज लिहायची लाज वाटते.

मग जेलात ओळख परेड झाली. नायब तहसीलदार होते, दोन पंच होते. मला आत सोडलं नाही. बाहेर लिंबाखाली बसलो. आत जाताना मी तिला सांगितलं होतं, "त्यालाच हात लाव आन मोकळी हो. परत हेलपाटा नको."

आत काय झालं ते मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. सात जण ओळीनं उभे, चपला बाहेर काढून. तिनं पहिल्यांदा खालीच बघितलं. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा पाय बघितले. तो पाय त्यात नव्हता. ती म्हणाली, "नाय यांच्यात." साहेब म्हणाले, "बाई, खाली काय बघता? वर बघा. तोंडं बघा." तिनं वर बघितलं. सात तोंडांत एकच ओळखीचं, ठाण्यातल्या बाकड्यावरचं. साहेब म्हणाले, "ओळखीचा आहे का कोणी?" ती म्हणाली, "ह्यो." "हात लावून दाखवा." जन्मात परक्या माणसाला हात न लावलेली बाई. तिनं त्याच्या खांद्याला बोट टेकवलं. तो म्हणाला, "भाभी, मैं नहीं था." पंचांनी सह्या केल्या.

 ती घरात आली आणि चुलीपाशी न जाता भिंतीला टेकून बसली.

"आवं, त्यो नव्हता."
"मग हात कशापायी लावला?"
"तुमी म्हनले लाव. ते म्हनले तोंड बघ. माझं मेलीचं पायावर ध्यान व्हतं, ते कोनी इचारलंच नाय."

तेव्हा तिनं मला करंगळीचं सांगितलं. मी काय केलं? मी म्हणालो, आता झालं ते झालं, सरकारी काम आहे, उलट बोललो तर आपल्यालाच आत टाकतील.

आमच्या कंपनीत मी तपासणीच्या टेबलावर होतो. साधी पिन. ती पास करायला माझ्या डोळ्यावर कोणी भरवसा ठेवत नव्हतं. गेज होतं. गेजात गेली तर पास, नाही तर लाल डब्यात. मी वीस वर्षांचा जुना कामगार, एकदा इंजिनिअरला म्हणालो, "साहेब, बघूनच सांगतो बरोबर आहे." त्यानं खडसावलं, "डोळ्याला काय कळतं? गेज लाव." मोटारसायकलच्या पिनेला गेज आणि माणसाच्या जन्मठेपेला पानटपरीवाल्याचा डोळा!

पानटपरीवाल्याचं सांगायचं राहिलं. तो दुसरा साक्षीदार. त्याची टपरी गल्लीच्या तोंडाशी. घडलं त्या दिवशी मी स्वतः त्याच्या तोंडून ऐकलं होतं, "कोणतरी निळा शर्ट पळाला बघा. माझं ध्यान नव्हतं, चुना लावत होतो." चार दिवसांनी म्हणाला, "उंच होता." महिन्यानं म्हणाला, "दाढी होती." खटला उभा राहीपर्यंत त्यानं ती गोष्ट हजार गिऱ्हाइकांना सांगितली होती आणि दर वेळी कोणी ना कोणी विचारायचं, "तो वेल्डरच ना?" तो म्हणायचा, "तोच की." मी त्याला खोटारडा म्हणत नाही. खोटं बोलणारा कधीतरी अडखळतो. हा अडखळत नव्हता. त्याला खरंच तो चेहरा दिसायला लागला होता. सांगून सांगून त्यानं तो स्वतःच्या डोळ्यांत बसवला होता आणि पोलीस त्याला दर खेपेला शाबासकी देत होते.

तीन वर्षांनी खटला उभा राहिला. औरंगाबादला, तेव्हा हेच नाव होतं. तोवर वेल्डर आतच. साक्षीच्या आदल्या दिवशी हवालदार घरी आला, चहा प्याला आणि जाताना म्हणाला, "काका, मावशीला समजावून ठेवा. साक्ष फिरवली तर खोट्या साक्षीची केस बसते." तो गेल्यावर मी तिला समजावायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "तुमी थांबा." एवढंच. उभ्या संसारात तिनं मला हे पहिल्यांदा म्हटलं.

कोर्टात मी मागच्या बाकावर होतो. सरकारी वकील जाडसर, घाईतला. माझ्या ध्यानात आहे तसं लिहितो.

"बाई, तुम्ही पळताना पाहिला तो हाच इसम ना?"
"नाय साहेब."
"काय नाय?"
"ह्यो नाय."

वकिलानं चष्मा काढला. "परेडमध्ये तुम्हीच याला हात लावला होता."
"लावला. तोंड बघ म्हनले, तोंड बघितलं. ठान्यात दावलेलं तोंड तेवढं वळखीचं व्हतं. पळनाऱ्याचं तोंड म्या बघितलंच नव्हतं."
"मग काय बघितलं?"
"पाय."

हसले लोक. बेंचवरचा कारकूनसुद्धा हसला. वकील म्हणाला, "वा! पायावरून माणूस ओळखता?"
"व्हय. तुमी उजवा पाय बाहेर टाकून चालता. सकाळी जिन्यात तुमीच व्हते."

पुन्हा हशा. या खेपेला वकील हसला नाही. त्यानं न्यायाधीशांना सांगितलं, साक्षीदार फितूर झाली आहे, उलटतपासणीची परवानगी द्यावी. मिळाली. मग तो तिच्यावर धावून गेल्यासारखा बोलायला लागला.

"जबाबात पायाचा एक शब्द नाही. का नाही?"
"मला बोलू दिलं नाय."
"कोणी बोलू दिलं नाही? पोलिसांनी?"
"पोलिसांनी नाय."
"मग कोणी?"

तिनं मागं बघितलं. माझ्याकडं. पदर मागं सरकलेला होता आणि ती सरळ माझ्या तोंडाकडं बघत होती. माझी मान खाली गेली. वीस-पंचवीस माणसं, पोलीस, हवालदार. मी उठून म्हणायला पाहिजे होतं, साहेब, मी. हा जबाब माझा आहे. मी उठलो नाही.

ती वकिलाकडं वळली आणि म्हणाली, "आठवत नाय."

साक्षीच्या पेटीत ती एकच खोटं बोलली, ते माझ्यासाठी. आणि वकिलाला तेवढंच हवं होतं. "आठवत नाही! करंगळी आठवते, पण तोंड कोणी बंद केलं ते आठवत नाही. आरोपीच्या लोकांनी किती दिले बाई?"

आरोपीचा वकील उठला. म्हणाला, आरोपीला चप्पल काढायला सांगा, आत्ता, कोर्टासमोर, डावा पाय बघा. किती सोपं होतं! सरकारी वकील म्हणाला, हरकत आहे, जबाबात नसलेली गोष्ट आता बनवून आणली आहे. बराच वेळ इंग्रजीत बोलणं झालं. शेवटी पाय कोणी पाहिला नाही. वेल्डर पिंजऱ्यात उभा होता. त्यानं स्वतःच चप्पल काढली होती आणि वाट बघत होता. शिपाई म्हणाला, "ए, चप्पल घाल."

मग टपरीवाल्यानं साक्ष दिली. खणखणीत. जन्मठेप झाली. निकालात लिहिलं, असं आरोपीच्या वकिलानं मला सांगितलं, की टपरीवाला विश्वासार्ह आहे आणि ही बाई आरोपीला सामील झाली आहे.

मी विचारतो, जी बाई पोलिसांची धमकी आणि नवऱ्याची भीती बाजूला सारून जे पाहिलं तेवढंच सांगते, तिला तुमच्या कायद्यात हाच एक शब्द आहे? किल्ल्याचा दरवाजा रात्री शत्रूला उघडून देणाऱ्याला फितूर म्हणतात. तिनं कोणता दरवाजा उघडला? आणि ज्या टपरीवाल्यानं गिऱ्हाइकांनी सुचवलेलं तोंड साक्षीत घातलं, तो विश्वासार्ह!

वस्तीत तिला नळावर बाया जागा देईनात. "बाई, तुमचं काय, तुम्ही आता घरातच नळ घ्याल." एक म्हणाली, "आम्हाला बी शिकवा, पायाला किती भाव आलाय." हिंदूची बाई असून मुसलमानाच्या बाजूनं बोलली, हा राग वेगळा. ती भांडी घासून उठायची. 

निकालानंतर एका दुपारी, त्याच वेळेला, मी टपरीवर गेलो. तंबाखू घेतली आणि टपरीवाल्याला म्हणालो, "जरा सरक, मला आत बसू दे." तो म्हणाला, "मामा, धंदा करायचाय का?" मी त्याच्या जागेवर बसलो. समोर बरण्यांची रांग, वरून लटकणाऱ्या पुड्या आणि ऊन सरळ डोळ्यांत. बायकोला सांगून ठेवलं होतं, नळापाशी उभी राहा. उभी असलेली दिसली. माझी स्वतःची बायको. ती हसतेय का रडतेय ते मला कळेना. मी टपरीवाल्याला म्हणालो, "तू बस आन सांग ती काय करतीया." त्यानं डोळ्यावर हात धरून बघितलं आणि म्हणाला, "उभी आहे." "हसतीया का रडतीया?" तो म्हणाला, "मामा, तुम्ही माझी साक्ष खोटी पाडायला आलात काय? मी पाहिलं म्हणजे पाहिलं." तंबाखूची पुडी परत घेतली त्यानं माझ्याकडनं.

पोलिसांतला, वकिलांतला, कोर्टातला एकसुद्धा माणूस त्या टपरीत एकदा बसला नव्हता. मी चौथी पास, मला सुचलं.

मी हे वेल्डरच्या वकिलाला जाऊन सांगितलं. तेवढं एक काम मी केलं. स्वतःचं मात्र तेव्हाही सांगितलं नाही. पुढं हायकोर्टात दुसऱ्या वकिलानं नकाशा लावून ते मांडलं, ठाण्यात आधी तोंड दाखवल्याचंही मांडलं आणि वेल्डर सुटला. आत जाऊन आठ वर्षं झाली होती. त्याची आई मधल्या काळात वारली. निकाल इंग्रजीत. वकील म्हणाला, 'संशयाचा फायदा' मिळाला. फायदा! आठ वर्षं घेतली आणि वर फायदा दिला म्हणतात. यानं केलं नाही, असं कुठंच लिहिलेलं नाही. आणि करंगळीवाला कोण, ते शोधायला कोणी गेलं नाही.

सुटून आल्यावर तो घरी आला. दरवर्षी ईदला यायचा, शीरखुर्म्याचा डबा घेऊन. बायकोशी बोलायचा. ती म्हणायची, "म्या हात लावला भाऊ तुमाला." तो म्हणायचा, "छोडो भाभी, कोर्टात खरं तुम्हीच तर बोललात." मी त्या दिवशी काहीतरी काम काढून बाहेर जायचो. तिनं त्याला माझं कधी सांगितलं नाही.

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी तो आला. दाढी पांढरी झालीय. दुपारची वेळ. बसला, तिच्या फोटोकडं बघत राहिला. या खेपेला मला जायला जागा नव्हती. पाणी दिलं आणि सांगून टाकलं. तू थांब म्हणालो ते, जबाब माझा होता ते, कोर्टात तिनं मागं वळून बघितलं ते.

त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "चाचा, ये बात तुम अब बोल रहे?"
"हिंमत नव्हती."
"मेरी अम्मी जेल के दरवाजे पे बैठती थी. तेव्हा बोलायचं होतं. भाभी गेली, तुमचं मन हलकं करायचं म्हणून मला सांगता? मी हे कुठं नेऊन ठेवू?"

  तो उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, "ठीक है. बोललात ना? मग तिथं येऊन बोला." सुटून आल्यावर झालेल्या त्याच्या धाकट्या मुलीला शहरातलं एक चांगलं स्थळ आलेलं. त्या लोकांनी वस्तीत चौकशी केली, तर टपरीवर उत्तर मिळालं, बाप खुनाच्या केसमध्ये होता, गवाह फोडला म्हणून सुटला. बोलणी तिथंच अडली. "कोर्टाचा कागद दाखवला, चाचा. अंग्रेजी में है. त्यांनी बघितला पण नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलो. त्या स्थळाच्या घरी मुलाचा आजा, बाप आणि मामा बसले होते. चहा आला. मी सगळं सांगितलं, जसं वर लिहिलंय तसं. माझ्या बायकोनं कोणाकडून काही घेतलं नाही. हा माणूस निर्दोष आहे. खोटा जबाब माझा.

मामा म्हणाला, "चचा, तुम वहाँ थे? आँखों से देखा?"
"नाय. मी कंपनीत व्हतो."
"तो फिर कैसे बोलते?"

मला राग आला. कपबशी खाली ठेवली. म्हणालो, "ज्यानं डोळ्यांनी पाहिलं म्हणाला, त्याचं ऐकून आठ वर्षं घालवली याची. अजून डोळेच पाहिजेत तुम्हाला?"

आजा म्हातारा, माझ्याच वयाचा. त्यानं मामाला गप्प केलं आणि मला विचारलं, "भाईसाब, हा नव्हता तर मग कोणी मारलं?"

"मला ठाऊक नाय. तिलाबी नव्हतं. कोणी शोधलंच नाय."

त्यानं मान हलवली. उत्तर अर्धं मिळाल्यावर माणूस हलवतो तशी. म्हणाला, घरात विचार करून जुम्म्यानंतर कळवतो.

त्यानंतर दोन जुम्मे गेले. काल वेल्डरचा फोन आला. म्हणाला, "चाचा, काही कळवलं नाही त्यांनी. एक बार फिर चलोगे?"

मी म्हणालो, "ये घ्यायला. आज चल म्हणालास तर आज."